शेवाळ पेरणारी बाई

जमनाबाईवर अन्याय झाला तो १९९९ सालच्या श्रावणात, पोळ्याच्या आधीच्या बाजारी, भर दुपारी, जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात, बाजारभर माणसांच्या देखत. ती वारली ती आत्ता, गेल्या महिन्यात. स्मृतिलेखात आधी मरणाची बातमी द्यायची आणि मग माणूस किती चांगला होता ते सांगायचं, अशी रीत आहे. मी क्रम मुद्दाम उलटा घेतला. मरणाचं कारण डॉक्टरनं तोंडानं सांगितलं, छातीत कफ भरला होता, वय झालं होतं. ते मी मानते, नाइलाजानं. पण नऊ वर्षांपूर्वी जे झालं त्याचं कारण आजवर कोणी तोंडानं सांगितलेलं नाही, आणि ज्यांना ते ठाऊक आहे ते तिच्या मातीला येऊन हात जोडून उभे होते.

बातमी लक्ष्मीच्या फोननं आली. लक्ष्मी म्हणजे जमनाबाईची एकुलती एक लेक. नवऱ्याघरून परत आल्यापासून ती तांड्यावर आईजवळच राहते. "ताई, याडी गेली," ती म्हणाली. त्यांच्यात, बंजाऱ्यांत, आईला याडी म्हणतात. पलीकडून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता. मग तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "ये तू. पण ते कागद नको आणू हां." कागद म्हणजे आमची पत्रकं. मी नेली नाहीत.

मातीला तांडा सगळा होता, आजूबाजूच्या गावांतली माणसं मोजकी. आणि आबांचा मुलगा होता. आबा म्हणजे सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगतच्या एका गावातले मोसंबीचे बागायतदार. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणते. मोटारसायकल लिंबाखाली लावून मुलगा पुढं आला, हात जोडले, "बाई लई चांगली व्हती," म्हणाला. मला वाटलं आता जाईल. पण तो गेला नाही. माणसं पांगायला लागली तरी हा घुटमळत राहिला, आणि शेवटी लक्ष्मीजवळ जाऊन हळूच म्हणाला, "जाताना काही बोलली का गं?"

लक्ष्मीनं डोळे पुसले. "बोलली की."

"काय?"

"कोंबड्या कोंड म्हनली."

तो हसला नाही. लक्ष्मीही हसली नाही. पण मी तेव्हापासून विचार करून राहिले आहे, की ज्या घराचा या बाईशी काही संबंधच नव्हता असं ते घर नऊ वर्षं सांगत आलं, त्या घरच्या माणसाला ती जाताना काय बोलली याची एवढी काळजी कशाला?

आता जमनाबाई कोण होती ते सांगते. माझी आई जवळा बाजारात बांगड्या विकायची आणि जमनाबाई तिच्या उजव्या हाताला बसायची. तिच्या पुढ्यात एक मोठी पाटी, पाटीत कापडाच्या पुरचुंड्या. खसखस, चक्रीफूल, नागकेशर, शहाजिरं, आणि मधोमध दगडफुलाचा ढीग. काळ्या मसाल्यात घालतात ते दगडफूल सगळ्यांना माहीत असतं, पण ते काय असतं हे बहुतेकांना माहीत नसतं. दगडही नाही आणि फूलही नाही. डोंगराळ भागातल्या झाडांच्या सालीवर आणि खडकांवर करडी-काळी पापुद्र्यासारखी वाढ येते, ती सुकवलेली. ठोक व्यापाऱ्याकडून ते पोत्यानं येतं. ज्याच्याकडून बाजारातलं किराणा दुकान घ्यायचं त्याच्याकडूनच जमनाबाई घ्यायची.

स्वभावानं ती गोड वगैरे अजिबात नव्हती. मेलेल्या माणसाला साखर लावायची मला सवय नाही. जगातला प्रत्येक माणूस मिरचीत विटेची पूड घालतो अशी तिची खात्री होती. आईशी तिचं दर बाजारी भांडण. दोघींच्या जागेच्या मध्ये जमनाबाईनं एक दगड ठेवला होता, आणि आई तो बोटभर बोटभर सरकवते असा तिचा संशय होता. "काकणवाली, तुझा दगड चालतो का गं रात्रीचा?" असं ती आल्या आल्या विचारायची. आई म्हणायची, "माझा काहून? तुझाच हाय, तुझ्यासारखाच चालतोय, तिरका." मग दोघी एकमेकींकडं पाठ करून बसायच्या आणि दुपारी भाकरी सोडताना पुन्हा तोंडं वळवायच्या. जमनाबाईची मिरचीची चटणी, आईचं पिठलं. पण चिमूटभर खसखस कधी तिनं फुकट दिली असेल तर शपथ.

मसाल्याचा हंगाम उन्हाळ्याचा. हिवाळ्यात ती तांड्यावरच्या बायकांबरोबर कामाला जायची. १९९९ च्या संक्रांतीनंतर आबांनी तांड्यावरच्या बायका बोलावल्या त्या मोसंबीची खोडं घासायला. आबांची बाग कालव्याच्या अगदी खाली. कालवा आला तेव्हा लोकांनी आबांचा हेवा केला होता, पण कालव्याचं पाणी झिरपून बागेच्या बुडाशी साचायला लागलं आणि तीन-चार वर्षांत झाडं पिवळी पडली. खोडांवर खाली हिरवं शेवाळ, मखमलीसारखं जाड. वर फांद्यांवर करडे, पांढरट, वाटोळे चट्टे. बघणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसायचं, आणि जे दिसतं तोच रोग असं माणूस धरून चालतो.

त्या वर्षी नव्यानंच नोकरीला लागलेला एक कृषी सहायक बाग बघून गेला होता. त्यानं आबांना बराबर सांगितलं होतं, मी नंतर त्याच्या तोंडून खात्री करून घेतली. शेवाळ आणि ते करडे चट्टे सालीवर नुसते बसलेले असतात, झाडाचं काही खात नाहीत. झाड अशक्त झालं, पानं झडून उजेड आत आला, ओल टिकली की ते वाढतात. म्हणजे ते आजारी झाडावर येतात, झाडाला आजारी पाडत नाहीत. फार वाटलं तर ओल्या तरटानं हलक्या हातानं घासा, मोरचूद आणि चुना लावा, पण खरं दुखणं मुळाशी आहे, वरच्या अंगाला चर खोदून पाणी बाहेर काढा. चर खोदायचा तर तो आबांच्या हळदीच्या रानातून जाणार होता. आबांनी त्याला उसाचा रस पाजला आणि वाटेला लावला. तो पुढं बदलून गेला. एवढं सगळं माहीत असलेला हा माणूस नंतर एका शब्दानं बोलला नाही, म्हणून त्याच्यावरही माझा राग आहे, तो इथं नोंदवून ठेवते.

तर बायकांनी खोडं घासली. आबांनी बजावलं होतं, "खाली पडू देऊ नका. बागेबाहेर न्या, न्हाईतर पुन्हा उगवंल." बाकीच्या बायका घासलेलं कालव्यात टाकायच्या. जमनाबाई तिचं गाठोडं बांधून घरी न्यायची. का न्यायची? खुडूक कोंबडी अंड्यावर बसवायची तर टोपलीत मऊ काहीतरी लागतं, आणि वाळलेल्या शेवाळासारखं मऊ दुसरं काही नाही. तिच्या घरात मी ती टोपली स्वतः बघितली आहे, कोंबडीनं माझ्या हाताला चोच मारली आहे. पण गावानं काय बघितलं? बाई आमच्या झाडावरचं गाठोड्यात बांधून नेते. आणि बाजारात काय बघितलं? तिच्याच पुढ्यात तसलाच करडा ढीग. दोन गोष्टी डोळ्यांनी बघितल्या आणि मधली गोष्ट मनानं जुळवली. आबांच्या मालकीणबाईंनी दगडफूल नाकाला लावून बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्या बागंतलाच वास येऊन राहिला की गं." तेव्हा सगळ्या हसल्या. जमनाबाईही हसली. "मालकीण, तुमच्या बागंचा असता तर इतका चांगला वास आला असता का?"

फाल्गुनात हळद निघाली. माझी बारावीची परीक्षा नुकतीच सरली होती आणि मी आबांच्या रानात हळद शिजवायच्या कामावर होते. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रानातच चूल खणतात, तिच्यावर भलीमोठी कढई, खाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ, कढईत हळकुंडं, वरून ओलं पोतं. हळद शिजून निघाली की खाली पिवळंजर्द कढत पाणी उरतं, ते बांधावर ओतून देतात. त्या दिवशी आबा कढईजवळ उभे होते. बागेकडं बघत म्हणाले, "लेकराला खरचटलं तर आपण काय लावतो? हळद. बैलाचा खांदा सोलला तर काय लावतो? हळद. मग झाडाला काहून चालणार न्हाई?" कोणीतरी म्हणालं, "निवू द्या मग पाणी." आबा म्हणाले, "निवल्यावर त्याच्यात दम काय राहिला? कढतच टाका. शेवाळ मुळापासून जाईल."

हे आमच्याकडचंच डोकं. दुसऱ्या मुलखातल्या माणसाला हे सुचलंच नसतं, कारण त्याच्याकडं फाल्गुनात कढईभर उकळतं हळदीचं पाणी नसतं आणि हळदीवर इतका आंधळा भरवसाही नसतो. बादल्या भरभरून पाणी खोडांवर ओतलं. वाफा निघाल्या. शेवाळ बघता बघता तपकिरी पडलं आणि पापुद्रे गळून पडले. बुंधे पिवळे धमक. "आबा, झाडाला हळद लागली, आता वरात कवा?" असं कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले, मीही. संध्याकाळपर्यंत ओतणं चाललं. विहिरीकडच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचायच्या आत पाणी संपलं, तेवढी ओळ राहून गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बागांतली माणसं येऊन बघून गेली, आणि आपापल्या कढईतलं पाणी त्यांनीही आपापल्या झाडांवर ओतलं. एकानं तर पेरूलाही ओतलं. जमनाबाई त्या दिवसांत आसपास नव्हती. मसाल्याचा हंगाम सुरू झाला होता, ती या बाजारातून त्या बाजारात पाटी घेऊन हिंडत होती.

मोसंबीची साल पातळ असते. उकळतं पाणी पडल्यावर ती आतून शिजली. चैत्रात साल तडकायला लागली, डिंक गळायला लागला. वैशाखात पानं झडली. मृगाचा पाऊस आला तेव्हा आबांच्या बागेत पालवीऐवजी खराटे उभे होते, शेजाऱ्यांच्याही. आणि तेव्हा कुठून तरी बोलणं निघालं. कोणाच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही, पण ते आबांच्या ओसरीच्या बाजूनं आलं एवढं मी छातीठोकपणे सांगते. ती बाई झाडावर शेवाळ पेरते. घासायच्या निमित्तानं आली आणि बी टाकून गेली. झाडाचं सत्त्व त्या शेवाळात उतरतं, तेच ती बाजारात दगडफूल म्हणून विकते. झाडं मेली ती म्हणून मेली.

मग तो पोळ्याआधीचा बाजार. आबांच्या भावकीतले दोघं-तिघं आणि बाजाराचा ठेकेदार पाटीसमोर येऊन उभे राहिले. "ऊठ. आमच्या झाडावर पेरतीस अन् आमालाच इकतीस व्हय?"

जमनाबाईनं वर बघितलं. "झाडावर पेरता आलं असतं, तर तुमच्या दारात उन्हात बसले असते का रं, भाऊ? बाग केली नसती का?"

लोक हसले, आणि ते हसणंच तिला भोवलं. एकानं पाटीला लाथ घातली. खसखस मातीत गेली, ती काय परत निवडता येते? मी आईजवळच होते. मी ओरडले, "कढत पाणी टाकलं झाडांवर! हळदीचं! मी पाह्यलं!" ठेकेदार म्हणाला, "कालेजात गेली म्हणून बागंतलं कळायला लागलं का?" आई उठली, हातातल्या बांगड्यांचा झुबका तसाच, आणि म्हणाली, "अरे, ही बाई मला इतक्या वर्षांत चिमूटभर जिरं फुकट देईना, तुमच्या झाडावर फुकट पेरणी करंल व्हय?" याच्यापेक्षा चांगला बचाव मी आजवर कुठल्या सभेत ऐकला नाही. पण त्या दिवशी तो कोणाला पुरला नाही. आबा समोरच्या हॉटेलच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्याकडं धावले. "आबा, सांगा की! तुमीच टाकलं ना पाणी?" आबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली... आणि पीत राहिले. जमनाबाईनं पाटी उचलली, डोक्यावर घेतली आणि गेली. ती पुन्हा कधी जवळा बाजारात बसली नाही. आमच्या आईनं मधला दगड उचलून फेकून दिला त्याच दिवशी.

त्यानंतर ती गावोगाव दारावर जाऊन विकायची. कुठं घ्यायचे, कुठं दार लावून घ्यायचे. साखऱ्याकडच्या एका गावात बायकांनी तिला अंगणातल्या सीताफळाच्या झाडाजवळून चालू दिलं नाही, लांबून वळसा घालून जा म्हणाल्या. गंमत अशी, की त्याच बायका किराणा दुकानातून तेच दगडफूल आणायच्या, त्याच पोत्यातलं.

मी तोवर औरंगाबादला शिकून आले होते. आमची चार-पाच जणांची संघटना होती, आम्ही पत्रकं छापायचो. एक पत्रक मी याच्यावर काढलं. 'झाडं कोणी मारली?' असा मथळा, खाली जमनाबाईचं नाव, सगळी हकीकत. बाजारात वाटलं, एक घेऊन मोठ्या डौलात तांड्यावर गेले. तिला वाचता येत नव्हतं, लक्ष्मीनं वाचून दाखवलं. जमनाबाई ऐकत राहिली आणि मग माझ्यावरच उसळली. "माझं नाव काहून छापलं गं? ज्याला म्हाईत नव्हतं त्यालाबी आता म्हाईत झालं! शेवाळवाली जमना म्हणून!" मी म्हणाले, "पण तुझी बाजू आहे त्याच्यात." "माझी बाजू मी तुला मागितली व्हती का? तुला कशाचं पडलंय? तुला इलेक्शनला उभं ऱ्हायचंय?" तिचा माझ्यावरही संशय होता, शेवटपर्यंत. मला तो अपमान वाटला होता. आजही मला वाटतं ते छापायलाच हवं होतं. नाव नसतं तर ते पत्रक कोणाचंच झालं नसतं. पण तिचं म्हणणंही मी इथं लिहून ठेवते, कारण ते तिचं आहे.

२००४ च्या उन्हाळ्यात मी आबांकडं गेले. आबा थकले होते. बागेच्या जागी सोयाबीनचं रान झालं होतं, फक्त विहिरीकडं मोसंबीची एक ओळ हिरवीगार उभी होती. मी तिकडंच चालत गेले, आबा काठी टेकत मागं. झाडांना फळ होतं. बुंध्यांवर शेवाळ परत आलं होतं, फांद्यांवर करडे चट्टेही, आणि झाडं खुशाल होती.

"ही ओळ कोणी घासली होती, आबा?"

"बायांनी."

"कोणत्या बाईनं?"

आबा काठीनं बुंध्याजवळची माती उकरायला लागले. ती ओळ जमनाबाईनंच घासली होती, विहिरीवर पाणी प्यायला सोयीचं म्हणून तिनं ती मागून घेतली होती. तांड्यावरच्या सगळ्या बायका सांगतात. म्हणजे जिला तिचा हात लागला आणि कढत पाणी लागलं नाही, ती ओळ जगली. शेजाऱ्यांच्या झाडांना तिचा हात कधी लागलाच नव्हता, नुसतं पाणी लागलं, ती मेली. याच्याहून सरळ पुरावा कुठल्या कोर्टात मिळेल?

"व्हय, पाणी मीच टाकलं," आबा एकदम म्हणाले. मग लगेच, "पण तिनं घासून साल उघडी पाडली नसती तर..."

"मग ही ओळ?"

आबा विहिरीच्या कठड्यावर बसले. "हे बघ पोरी, शेजाऱ्यांनी माझं बघून केलं. मी म्हटलं असतं माझ्यामुळं मेली, तर त्यांनी मला गावात राहू दिलं असतं का? त्यांच्या लेकरांच्या तोंडाकडं कसं बघितलं असतं मी?"

"म्हणून जमनाबाईवर ढकललं."

"मी बोललो न्हाई."

"मग कोण बोललं?"

"कोणीच न्हाई. ते आपोआप झालं."

"आपोआप शेवाळसुद्धा येत नाही, आबा. त्याला ओल लागते."

त्यांनी मला दोन मोसंब्या तोडून दिल्या. मी घेतल्या नाहीत. चार माणसांत हे बोलाल का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, बघू. बघू म्हणजे नाही, हे आमच्याकडं लहान लेकरालाही कळतं. पुढच्याच वर्षी आबा गेले, आणि त्यांच्यावर मात्र सगळ्यांनी चांगलं चांगलं लिहिलं-बोललं. प्रयोगशील बागायतदार म्हणाले.

जमनाबाईला मी शेवटचं भेटले ते यंदाच्या दिवाळीनंतर. ती उन्हाला बसली होती, श्वास लागत होता, तरी माझ्या पिशवीकडं संशयानं बघून म्हणाली, "कागद हाईत का आत?" मी पिशवी उलटी करून दाखवली तेव्हा कुठं बस म्हणाली. लक्ष्मीनं सांगितलं की ती आता आईची पाटी घेऊन जवळा बाजारात बसायचं म्हणते. गावोगाव हिंडून पाय गेले याडीचे, मी नाही हिंडणार, असं ती म्हणाली.  जमनाबाई मला म्हणाली, "हिला उठवतील का गं?" आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला संशयाशिवाय काही विचारलं. मी म्हणाले, आम्ही उभे राहू, पत्रक काढू, पोलिसांत देऊ. तिनं हात उडवला. "तुमी उभं ऱ्हाऊन काय व्हतंय? तुमी तर कुठंबी उभ्या ऱ्हाता. ज्यांनी उठवलं त्यांनी बोलाया पायजे." एवढं बोलून तिला खोकला आला, आणि लक्ष्मीनं पाणी आणलं, आणि ते बोलणं तिथंच राहिलं...

लक्ष्मी आता बसणार आहे. आईचे दिवस झाले, माल भरला आहे. तिनं गेल्या बाजारी जागा बघून ठेवली, तेव्हा एका भाजीवाल्यानं शेजारणीला कोपर मारून म्हटलेलं तिनं ऐकलं, "ती बघ, शेवाळवालीची पोर." नऊ वर्षं झाली, बाई मेली, आबा मेले, आणि ही गोष्ट अजून मेली नाही. ती सांगणारी माणसं जिवंत आहेत म्हणून.

म्हणून मला श्रद्धांजली नको आहे, तिलाही नको होती. हा लेख ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत येतोय ती औंढ्यात, वसमतला, सेनगावात, कालव्याकाठच्या गावांत वाचली जाते, हे मला माहीत आहे. तेव्हा तुम्हालाच सांगते. त्या फाल्गुनात तुम्ही कढईजवळ उभे असाल, बादली तुमच्या हातात असेल, आबांचं बघून तुम्ही आपल्या झाडावर पाणी ओतलं असेल, किंवा यातलं काहीच नाही, नुसती जेवताना ही गोष्ट कोणाला रंगवून सांगितली असेल, तर येत्या बाजारी जवळा बाजारला या. लक्ष्मीच्या पाटीसमोर उभे राहा आणि चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणा, की झाडं कढत पाण्यानं मेली आणि ते पाणी आम्ही टाकलं, तुझ्या आईनं काही पेरलं नव्हतं. कानात येऊन सांगू नका. घरी बोलावून सांगू नका. माल घेऊन भरपाई केली असंही समजू नका. आधी बोला, मोठ्यानं. मग दगडफूल घ्यायचं असेल तर घ्या.